तक्रार देवापुढे कशी मांडावी: स्तोत्र १३ ची रीत

हडपसरच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी लांबलचक प्रार्थना सुचत नाही, आणि तिची गरजही नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ उघडा. सहाच वचनं आहेत.

पहिल्या दोन वचनांत दावीद राजा देवाला चार वेळा ‘कोठवर?’ असं विचारतो. ती मोठ्याने वाचा. मग वहीत तारीख टाकून आपली तक्रार आकड्यासकट लिहा: ‘प्रभू, भाड्याचे ९,००० कुठून आणू?’ नुसतं ‘शांती दे’ असं मोघम लिहिलं, तर उत्तर मिळालं की नाही तेच पुढे कळत नाही. वचन ३ आणि ४ मध्ये मागणं आहे. तुम्हीही एकच गोष्ट मागा.

वचन ५ आणि ६ मधला भरवसा मात्र ओढूनताणून आणू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. रडू दाबून लगेच ‘हालेलुया’ म्हणतात, आणि आतला राग घरच्यांवर निघतो. भरवसा येतच नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, तरीही पवित्र शास्त्रात आहे!

रोज दहा मिनिटं पुरेत. रविवारी उपासनेनंतर ते पान चर्चच्या मंडळीतल्या एकाच विश्वासू माणसाला दाखवा. भाडं भरलं गेलं की त्याच पानावर लाल शाईने तारीख घाला.