भाजलं की आधी नळ सोडा

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी सिस्टर आहे. भाजलेला पेशंट आमच्या कॅज्युअल्टीत बहुधा रंगूनच येतो: टूथपेस्ट, शाई, हळद, नाहीतर चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल. ते पुसताना त्याचे हाल होतात, आणि पुसेपर्यंत खाली किती भाजलंय ते कळत नाही. म्हणून माझा हेका एकच, आधी नळ सोडा.

साधं वाहतं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. "आता बरं वाटतंय" म्हणत पेशंट मध्येच हात काढून घेतो. काढू देऊ नका. भाजून ३ तास उलटले नसतील तोवर या पाण्याचा उपयोग होतो. बर्फ नको, जखम आणखी बिघडते. लहान मुलाच्या फक्त भाजल्या जागेवर पाणी सोडा, बाकीचं अंग चादरीत गुंडाळा. अख्खं पोर बादलीत बसवलं तर गारठतं.

पाणी चालू असतानाच बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. सूज चढली की कापाव्या लागतात, आणि सोन्याच्या पाटल्या असल्या की घरचे आमच्याशीच वाद घालतात. कातडीला चिकटलेला नायलॉनचा गाऊन ओढू नका, भोवतीने कापा.

मग किती भाजलंय ते बघा. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. नुसती लाल झालेली जागा धरायची नाही. मोठ्या माणसात १५ आणि मुलात १० टक्क्यांच्या पुढे गेलं की शिरेतून सलाईन लागतं. पहिल्या २४ तासांतलं निम्मं सलाईन पहिल्या ८ तासांत द्यायचं असतं, आणि ते ८ तास भाजल्यापासून मोजतात, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. तेव्हा वेळ लिहून आणा. "मघाशी भाजलं" यावरून डॉक्टरांनी काय हिशोब करायचा?

ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. फोड आलेली, ओली, गुलाबी जागा खूप दुखते. पांढरी पडलेली किंवा चामड्यासारखी झालेली जागा दुखतच नाही, कारण तिथल्या नसाही जळालेल्या असतात. गप्प बसलेल्या पेशंटची जागा नीट बघा.

नाकातले केस जळालेत, थुंकीत काजळी आहे, आवाज घोगरा झालाय, तर टक्के मोजत बसू नका. श्वासनलिका सुजत असते. लगेच १०८ लावा. शॉक लागला असेल तर आधी मेन स्विच बंद करा. चटका एवढासा दिसला तरी ईसीजी हवाच. कोरडी चुनकळी अंगावर सांडली तर आधी ती झटकून टाका, मग भरपूर पाणी.

झाकायला स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म किंवा धुतलेली सुती ओढणी, नुसती वर ठेवायची, आवळायची नाही. फोड फोडू नका. कुकरची वाफ लागून बोटाला बारकासा फोड आला तर पाणी, पॅरासिटामॉल आणि कोरडी पट्टी पुरते. चेहरा, तळहात, सांधे किंवा जांघेत मात्र थोडंसं भाजलं तरी दाखवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून या.