केस गळतायत? उपचार सुरू करण्याआधी या चुका टाळा

केस गळायला लागले की पहिली धाव नव्या तेलाकडे किंवा शाम्पूकडे असते. त्यात हातचे महिने जातात, आणि केस गळण्याच्या काही प्रकारांत हे महिनेच सर्वांत मोलाचे असतात. रोज 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे. त्याहून जास्त गळत असतील, तर आधी प्रकार ओळखा.

प्रकार न पाहता औषध लावणं

पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे मागे सरकतात आणि टाळू उघडी पडते. स्त्रियांमध्ये भांग रुंदावतो, पण कपाळाकडची रेषा बहुधा शाबूत राहते. ही आनुवंशिक गळती, आणि ती सावकाश होते. अचानक नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई असण्याची शक्यता मोठी. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते.

सगळ्या डोक्यावरून पुंजक्यांनी केस येत असतील, तर दोन-तीन महिने मागे जाऊन पाहा: मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेलं वजन? केस गळण्याच्या अवस्थेत जायला तेवढा वेळ लागतो, म्हणून कालच्या शाम्पूला दोष देऊन उपयोग नाही. यात मुळं जिवंत असतात आणि कारण दूर झालं की गळती बहुतेकदा सहा महिन्यांत थांबते. थांबलीच नाही तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) आणि थायरॉइड तपासून घ्या.

कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांवरचे केस जात असतील, तर घट्ट वेणी किंवा अंबाडा सैल करा. लवकर सोडलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ बसली तर येत नाहीत.

जळजळ होत असताना वाट पाहणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. टाळू दुखते, जळजळते, केसांच्या मुळाभोवती लाली किंवा खपली दिसते आणि पुढे तिथली त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी होतात. दाहामुळे मूळ नष्ट होऊन तिथे व्रण बनत असतो. असे गेलेले केस परत येत नाहीत; उपचार असतो तो उरलेले वाचवण्यासाठी. अशी लक्षणं असतील तर लगेच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. निदानासाठी बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं) सुचवली तर नाही म्हणू नका.

लहान मुलाच्या डोक्यावर खपल्यांचा चट्टा आणि तुटके केस दिसले तर बुरशीचा संशय घ्या. बुरशी केसात शिरलेली असते, त्यामुळे नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. घरातलं स्टेरॉइडचं मलम तिथे अजिबात लावू नका.

मिनॉक्सिडिल दुसऱ्या महिन्यात सोडणं

मिनॉक्सिडिल हे आनुवंशिक गळतीवर डोक्याला लावायचं औषध. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. जुने केस सुटून नव्यांना जागा होते, आणि नेमके इथेच बरेच जण घाबरून थांबतात. फरक कळायला किमान चार ते सहा महिने द्या. पुरुषांसाठी 5 टक्क्यांचं द्रावण, 1 मिलिलिटर, दिवसातून दोनदा. कोरड्या टाळूवर, केसांवर नव्हे. लावल्यावर चार तास डोकं धुवू नका, हात मात्र लगेच धुवा. घरात मांजर असेल तर फार जपा, हे औषध तिच्यासाठी घातक आहे. स्त्रियांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते टाळावं. औषध बंद केलं की मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरतो, हे सुरुवातीलाच पक्कं ठाऊक असू द्या.

डॉक्टरांना अर्धीच माहिती देणं

फिनास्टेराइड (पुरुषांच्या आनुवंशिक गळतीवरची गोळी, रोज 1 मिलिग्रॅम) घेणाऱ्याची प्रोस्टेट ग्रंथीसाठीची पीएसए ही रक्ततपासणी प्रत्यक्षाहून कमी, साधारण निम्मी येते. तेव्हा हे औषध चालू असल्याचं सांगा. कामेच्छा कमी झाली किंवा मन खचल्यासारखं वाटलं तर तेही लपवू नका. गरोदर स्त्रीने या गोळीचे तुकडे हाताळू नयेत. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी थायरॉइडचे आणि हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या ट्रोपोनिन तपासणीचे अहवाल चुकू शकतात. शरीरात कमतरता नसेल तर त्या घेऊन केसांना फायदा होतो असा भक्कम पुरावाही नाही.

चाई असताना केस रोपणाची घाई

चाई सक्रिय असताना रोपलेल्या केसांवरही तोच हल्ला होऊ शकतो. लहान चट्टे बऱ्याचदा आपोआप भरतात. नाहीतर दर चार ते सहा आठवड्यांनी चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. चाई डोकंभर पसरली असेल तर बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. त्या प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून आधी क्षयरोगासह इतर संसर्गांची तपासणी लागते आणि पुढेही रक्त तपासत राहावं लागतं.