स्लॅबला आणि कॉलमला पाणी कसे द्यावे
काँक्रीट वाळून घट्ट होते, हा गैरसमज आधी दूर करावा. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून ते घट्ट होते आणि ओलावा संपला की ती क्रिया मंदावून थांबते. म्हणून स्लॅबवर बोटाने दाबून ठसा उमटेनासा झाला, की ओले गोणपाट अंथरावे आणि दुसऱ्या दिवशी सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून असे वाफे करावेत, की त्यांत 3 ते 5 सेंटिमीटर पाणी सतत उभे राहील. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राखमिश्रित सिमेंटला (पोत्यावर ‘पीपीसी’ लिहिलेले) किमान 10 दिवस आणि कडक उन्हात 14 दिवस पाणी द्यावे.

कॉलमवर पाणी ठरत नाही, त्यामुळे त्यांना गोणपाट गुंडाळून ते दिवसरात्र ओले ठेवावे. नुसते सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारणे पुरत नाही. भर दुपारी कॉलम पांढरा पडलेला दिसतो आणि नेमके तेच टाळायचे असते. दुपारी स्वतः जाऊन गोणपाटाला हात लावून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

माल कालवताना मात्र कामाच्या सोयीसाठी जादा पाणी घालू देऊ नये, कारण त्याने काँक्रीट कमकुवत होते.