हात थरथरतो, फोटो हलू नये म्हणून

वय ७६. पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बाराच फोटो, म्हणून श्वास रोखून बटण दाबायचो. हात आता थरथरतो, पण ती सवय कामी येते.

पूर्वी ५० एमएम लेन्सला १/६० सेकंदाचा शटर, म्हणजे पडदा उघडा राहण्याचा वेळ, पुरायचा. आता १/२५० च्या खाली उतरत नाही. उजेड कमी असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, बिनधास्त १६०० करा. फोटोत दाणे दिसले तर दिसू देत, हललेला फोटो मात्र फुकट जातो. कोपरं बरगड्यांना चिकटवा, गळ्यातला पट्टा ताणून धरा, अर्धा श्वास सोडा आणि बटण अलगद दाबा. सलग तीन फोटो काढा. मधला बहुधा स्थिर येतो.

चालवत नसेल तर बसा की! शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी सातला बसलं की तिरप्या उन्हात क्रिकेटची पोरं आपसूक समोर येतात. ट्रायपॉड मी कधीच माळ्यावर टाकला.

पावसाळ्यात मात्र जपा. माझी एक लेन्स चामडी केसमध्येच राहिली. चामडं ओल धरतं. गणपतीत उघडली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! तेव्हापासून हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. दर पंधरा दिवसांनी लेन्स काढून हाताळतो, पुड्या ओलावल्या असतील तर बदलतो. सून म्हणते, लोणच्याच्या बरणीची एवढी काळजी कुणी घेत नाही.