इराणच्या काजार राजघराण्याच्या काळातल्या घरसामानाच्या याद्या वाचायला शिकताना - नवीन लोकांसाठी माझा अनुभव

एमएला इतिहास घेतला तेव्हा इराणचा इतिहास म्हणजे शहा, लढाया आणि तेल एवढंच डोक्यात होतं. मग एकदा एका सिनियरने मला एका लग्नाच्या कबाल्याचा, म्हणजे करारपत्राचा, फोटो दाखवला. चहूबाजूंनी सोनेरी वेलबुट्टी, मधे दाट फारसी अक्षर आणि त्यात नवऱ्याने बायकोला काय काय द्यायचं त्याची यादी, कुराणाची एक प्रत, आरसा, मेणबत्त्यांचे दिवे, रोख तोमान (तेव्हाचं इराणी नाणं), घराचा हिस्सा... मी तिथेच अडकले ते आजपर्यंत. ज्यांना याच वाटेने यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यात माझं जवळजवळ एक वर्ष गेलं.

आधी भाषा. मुंबई विद्यापीठात आणि दिल्लीत जेएनयूमध्ये फारसी शिकता येतं. मराठी माणसाला अर्धे शब्द ओळखीचेच वाटतात, गालिचा, पडदा, चादर, रुमाल, कापडाचा ताका, भांड्याची कल्हई, हे सगळं आपल्याकडे फारसीतूनच आलंय. पण हाच ओळखीचेपणा दगा देतो बरं का. एका यादीत मी 'लेहाफ-ए-कुर्सी' वाचलं आणि बिनधास्त 'खुर्चीची गादी' असं लिहून ड्राफ्ट दिला. तेव्हाच्या साध्या इराणी घरात खुर्च्या असतात कुठे, लोक जमिनीवर बसायचे, जेवायचे ते जमिनीवर सोफरा, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरून आणि झोपायचे तेही जमिनीवरच, सकाळी अंथरूण गुंडाळून भिंतीशी ठेवायचं. इराणी कुर्सी म्हणजे एक बुटकं चौकोनी लाकडी मेज, त्याच्याखाली निखाऱ्यांचं मनकल, म्हणजे शेगडी, आणि वरून चारी बाजूंना लोंबणारी भली मोठी रजई, थंडीत अख्खं घर पाय आत घालून तिच्याभोवती बसायचं, तिथेच जेवण, तिथेच गप्पा आणि झोपही तिथेच. म्हणजे ती 'गादी' खरं तर त्या घराचा पूर्ण हिवाळा होता आणि मी ती खुर्चीवर टाकून मोकळी झाले होते. तेव्हापासून शब्द कितीही ओळखीचा वाटला तरी कोशात बघते. स्टाइनगासचा 1892 चा फारसी-इंग्रजी कोश आणि देहखुदाचा कोश, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत.

तारखांचं पण तसंच. काजार घराण्याचा काळ 1789 ते 1925, आणि या कागदांवर साल असतं हिजरी चांद्र. आजचं इराणी कॅलेंडर सौर आहे, ते 1925 मध्ये अधिकृत झालं. समजा कागदावर 1313 आहे, चांद्र धरलं तर 1895-96 येतं, म्हणजे नासिरुद्दीन शहाची शेवटची वर्षं, आणि चुकून सौर धरलं तर एकदम 1934 वर जाता! महिन्याचं नाव बघा, मोहर्रम, सफर, रजब असं काही असेल तर चांद्र समजा.

लिपी हा खरा डोंगर. छापील फारसी येणं वेगळं आणि शिकस्ता, म्हणजे घाईने लिहिलेलं मोडकं वळण, वाचणं वेगळं, ठिपके गायब, अक्षरं एकमेकांत शिरलेली, ज्यांनी मोडी वाचलीय त्यांना हा त्रास कळेल. आकडे त्याहून अवघड, ते बऱ्याचदा सियाक पद्धतीत असतात, म्हणजे अरबी संख्यांची नावंच आखडून बनवलेल्या खुणा. मला एक युक्ती खूप उशिरा कळली. खाडाखोड होऊ नये म्हणून रकमेबरोबर तिची निम्मी रक्कमही लिहायची पद्धत होती, शंभर तोमान ज्याचे निम्मे पन्नास, अशी. एक आकडा अडला तर दुसऱ्यावरून काढता येतो. हिशोब असा लक्षात ठेवा: 1 तोमान म्हणजे 10 किरान, 1 किरान म्हणजे 20 शाही. तांब्याची भांडी वजनावर नोंदवलेली दिसतात, तबरीझी मण साधारण 3 किलोचा, आपला मण डोक्यात ठेवलात तर सगळं घर तांब्यात बुडेल. घर-जमीन कितीही मोठी असो, तिचे सहा दांग धरायचे, 'तीन दांग' म्हणजे अर्धं घर. आणि मोजायचे शब्द पाठच करा, गालिचा 'तख्ता'ने, अंथरूण 'दस्त'ने, शाल 'ताका'ने, पुस्तक 'जिल्द'ने, घर आणि दुकान 'बाब'ने, कारण वस्तूचं नाव लागलं नाही तरी मोजणीच्या शब्दावरून वस्तू कुठल्या जातीची ते कळतं.

मला लोक विचारतात, भांड्याकुंड्यांच्या याद्या वाचून काय मिळतं? माझ्यासाठी तर सगळं तिथेच आहे. शिया कायद्यात विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वाटा मिळत नसे, मिळायचा तो जंगम मालमत्तेत आणि इमारतीच्या किमतीत, मुलं असतील तर तोही आठवा हिस्सा. पण मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचं ते, तिचा स्वतःचा, आणि माहेरून आणलेला जहीज, म्हणजे चहासाठी पाणी उकळायचा समोवार, तांब्याची पातेली, हात धुवायची झारी-तस्त म्हणजे आफताबा-लगन, बिछाने, तोही तिचाच राहायचा. म्हणून तर लग्नात त्याची लेखी यादी, ज्याला सियाहा म्हणतात, ती करून साक्षीदारांच्या सह्या-शिक्के घ्यायचे, उद्या तलाक झाला किंवा नवरा गेला तर हाच कागद तिच्या कामी यायचा. इराणी तांब्याच्या भांड्यांवर मालकांची नावं कोरलेली सापडतात. आमच्या आजीच्या पातेल्यावर तिचं नाव घातलेलं होतं, तारखेसकट, तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं, आणि मरेपर्यंत ती त्याला 'माझं पातेलं'च म्हणायची, घरातलं बाकी काहीच ती माझं म्हणत नसे. हे मला इराणी याद्या वाचताना आठवलं आणि मग मी त्या याद्या खूप हळू वाचायला लागले.

सुरुवात कुठून करायची तर हार्वर्डचं 'विमेन्स वर्ल्ड्स इन काजार इराण' हे डिजिटल अर्काइव्ह, अफसाने नजमाबादी या इतिहासकार बाईंच्या पुढाकाराने झालेलं, लोकांच्या घरातले कबाले, पत्रं, फोटो, कपडे, वस्तू स्कॅन करून सगळ्यांना खुलं ठेवलंय. त्यातही आधी लग्नाचे कबालेच घ्या, वारशाच्या वाटण्या नंतर. कबाल्याची भाषा ठरलेली असते, सुरुवातीची लांबलचक स्तुती ओलांडली की पुढचा साचा तोच तो, पाच-सहा वाचले की डोळा बसतो. शब्द अडला की एन्सायक्लोपीडिया इराणिकात बघा, तेही फुकट आहे. आणि मुंबईत असाल तर के आर कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटला नक्की जा, पारशी समाजाचा इराणशी संबंध काजार काळातही जिवंत होता, मानेकजी लिमजी हतारिया 1854 मध्ये इथूनच तिकडच्या झरतुष्ट्रींच्या मदतीला गेले, आणि झरतुष्ट्रींवरचा जिझिया कर 1882 मध्ये रद्द झाला त्यामागे मानेकजींची मोठी खटपट होती.

नोकरीचं खरं सांगते, 'काजार घरसामान तज्ज्ञ' अशी जाहिरात मला तरी कधी दिसली नाही. भाषांतर, कॅटलॉगिंग, म्युझियमचं कापड-गालिचे विभागाचं काम, पीएचडी, असं जोडत जोडत जावं लागतं. घरी विचारतात अजून किती वर्षं. पहिली पूर्ण यादी वाचायला मला तीन आठवडे लागले होते, मागच्या महिन्यात तशीच एक दुपारभरात झाली, फक्त एक ओळ राहिलीय, मोजायचा शब्द 'दस्त' आहे, पुढचं नाव लागत नाही, कोणी शिकस्ता वाचणारं असेल तर कृपया मेसेज करा, फोटो पाठवते.