गिरणीच्या हेड ऑफिसात बाबांचा सर्व्हिस दाखला आणायला जाताय? आधी हे वाचा

मुंबईत म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी अर्ज केलाय पण बाबा किंवा आजोबा गिरणीत होते याचा धड पुरावा हातात नाही, असे खूप लोक आहेत. अर्ज दीड लाखाच्या वर, आणि 2012 च्या लॉटरीत घरं होती 6,925, 2020 ला 3,894. त्यामुळे कागद पक्का पाहिजे. अट काय आहे, तर कामगार 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर, म्हणजे हजेरीच्या मस्टरवर, असला पाहिजे. गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, म्हणजे संपात ज्यांची नोकरी गेली ते पण यात बसतात, फक्त ते त्या तारखेला पटावर होते हे दाखवावं लागतं. म्हणून नुसता "कामाला होते" असा दाखला मागू नका, लागल्याची आणि सुटल्याची तारीख, खातं (गिरणीतला विभाग) आणि तिकीट नंबर (गिरणीने कामगाराला दिलेला नंबर) त्यात यायलाच हवं.

पहिलं काम, नेमकं कुठल्या ऑफिसात जायचं ते शोधा. गिरणीच्या गेटवर आता मॉल नाहीतर टॉवर आहे, तिथे कोणाला काही माहीत नसतं. 1974 ला सरकारने आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या त्यांच्यापैकी असेल तर एनटीसी, म्हणजे सरकारी नॅशनल टेक्सटाइल कॉर्पोरेशन, त्यांचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. खासगी असेल तर गिरणी बंद पडली तरी कंपनी बरेचदा जिवंत असते, फिनिक्स मिल्स बघा, नाव अजून तेच आहे, धंदा मॉलचा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साईटवर नाव टाकलं की रजिस्टर्ड पत्ता मिळतो. आणि कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे दिवाळखोरीत गुंडाळायला काढली असेल तर हायकोर्टाशी जोडलेल्या ऑफिशियल लिक्विडेटरकडे विचारायचं. गिरणीचं कागदोपत्री नाव पण बघून ठेवा, दादरची इंदू मिल कागदावर इंडिया युनायटेड नंबर 6 आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तिकीट नंबर. तो असेल तर अर्धं काम झालं. गावच्या घरी पत्र्याची पेटी असेल ती उघडा, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, पीएफची स्लिप, पगाराचं पाकीट, हजेरीचा पास, रजेचा कागद, काहीही चालेल, कुठेतरी नंबर असतोच. नाही मिळाला तर बाबांबरोबरच्या कोणा जुन्या माणसाला भेटा आणि विचारा की खातं कुठलं, पाळी कुठली, कायम होते की बदली (दुसऱ्याच्या जागी लागणारे) कामगार. हे का, तर मस्टर बहुतेक वेळा खात्याप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बांधलेलं असतं, नुसतं नाव सांगून काहीच सापडत नाही.

ऑफिसला सकाळीच पोचा. लंचनंतर रेकॉर्ड काढायला माणूस मिळेलच असं नाही. जुन्या बिल्डिंगांना जाळीच्या दरवाज्याची लिफ्ट असते, उतरल्यावर दोन्ही दरवाजे नीट बंद करा नाहीतर ती वर-खाली होत नाही आणि अख्खी बिल्डिंग खोळंबते. आत लोखंडी कपाटं, कापडात बांधलेले गठ्ठे आणि भरपूर धूळ, मास्क नेलेला बरा.

तिथे स्टाफ अगदी थोडा उरलाय आणि जी माणसं आहेत त्यांच्याकडे स्वतःच्या कामाबरोबर निवृत्त झालेल्या पाचजणांचं काम आहे. आवाज चढवून काही होत नाही. बसून सांगा, "साहेब, वडील साचे खात्यात (मागावर) होते, अमुक तिकीट नंबर, ब्याऐंशीच्या आधीपासून." खातं आणि नंबर ऐकला की समोरचा माणूस लगेच कामाला लागतो, कधीकधी त्यालाच आठवतं की कुठल्या कपाटात बघायचं. मला मनापासून वाटतं की ही माणसं आहेत तोवरच जाऊन यावं, कारण ते गठ्ठे वाचता येणारी दुसरी माणसं आता तयार होत नाहीयेत.

अर्ज लेखी द्या, दोन प्रती घ्या, एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. तोंडी "रेकॉर्ड नाही" म्हणाले तर तेच लेखी मागा. एनटीसी सरकारी आहे म्हणून माहिती अधिकार पण टाकता येतो, 30 दिवसात उत्तर आलं नाही की पहिलं अपील.

नावाचा घोळ खूप होतो. मस्टरला फक्त नाव आणि बापाचं नाव, आडनाव नाहीच किंवा गावाचं लावलेलं, आणि आधारवर वेगळंच. वाइंडिंगला (सूत गुंडाळायच्या खात्यात) असलेल्या बायकांचं तर माहेरचं नाव पटावर आणि सासरचं रेशनकार्डावर. यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. कामगार हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद सोबतच न्या, म्हणजे परत फेरा नको.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून प्रत्येक अक्षर तपासा, नाव, नंबर, दोन्ही तारखा, सही, गोल शिक्का. चूक असेल तर त्याच टेबलावर लगेच दुरुस्त करून घ्या, आणि लॅमिनेशन करू नका.