खेळून झाल्यावर कोच व्हायचंय? ग्रॅहम पॉटरचा रस्ता बघा

नांदेड-परभणीकडं फुटबॉल खेळणारं पोरगं पंचविशीला टेकलं की घरचे मागं लागतात, आता पुढं काय. कोच होतो म्हणलं की, तू कुठं एवढा मोठा प्लेअर लागून गेला. अशांना इंग्लंडचा कोच पॉटर सांगायचा. सोलिहल गावचा लेफ्ट बॅक (डावीकडचा डिफेंडर), प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगच्या मॅच मोजून 8, त्याबी साउदॅम्प्टनकडून, बाकी सगळं खालच्या डिव्हिजनमधी, आणि 2005 ला तिशीतच खेळ बंद. पण खेळता खेळता गड्यानं ओपन युनिव्हर्सिटीतून डिग्री काढून घेतली होती.

तर पहिलं काम तेच, डिग्री अर्धी सुटली असंल तर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरा, त्याची केंद्रं आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजात आहेत. शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचं असंल तर बीपीएड बघा.

मग लायसन्स. एआयएफएफचं (भारताची फुटबॉल संघटना) ई सर्टिफिकेट, त्यावर डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो, पायरी पायरीनंच जावं लागतं. महाराष्ट्रात विफाच्या (राज्याची फुटबॉल संघटना) पेजवर नजर ठेवा.

पण खरं शिकणं मैदानावरच, आणि ते खेळायलेत तोवरच चालू करा. गल्लीतली आठ लेकरं घ्या, चार-चारच्या दोन टीम, गोलला चपला ठेवल्या तरी चालतंय. त्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची, पास दिला की जाग्यावर उभं राहायचं नाही, मोकळ्या जागेत पळायचं. कोणी उभं राहिलं की शिट्टी, सगळे आहे तिथंच थांबा, आणि त्यालाच विचारा, बाळा आता मोकळी जागा कुठंय? त्यानं बोट दाखवलं की लगेच खेळ चालू, भाषण नको. ते लांब रांग लावून एकेकानं शॉट मारायचं तर बंदच करा, निम्मा वेळ लेकरू नुसतं उभं राहतंय (आपल्याकडं अजून सगळीकडं हेच चाललंय).

आणि लहान टीम धरली की टिकून राहा. पॉटर आधी हल, मग लीड्सच्या युनिव्हर्सिटीत होता, तिथून स्वीडनच्या ओस्टरसुंडला गेला, टीम चौथ्या डिव्हिजनमधी, आणि तिथंच सात वर्षं राहिला. तीनदा वर नेली, 2017 ला स्वीडिश कप, 2018 ला युरोपा लीगमधी (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) इंग्लंडच्या आर्सेनलला त्यांच्याच ग्राउंडवर 2-1 नं हरवलं, दोन मॅचमधली पहिली 3-0 नं हरल्यामुळं बाहेर गेले ते सोडा. त्याच्यानंतर स्वान्सी, ब्रायटन, मग लंडनचा मोठा क्लब चेल्सी.

चेल्सीनं सात महिने व्हायच्या आत काढलं बरं का, म्हणून दुसरं उत्पन्न हातचं सोडू नका, आणि कुठल्याबी क्लबला हो म्हणायच्या आधी महिन्याचं मानधन किती आणि बॉल-बिब्स (टीम ओळखायची रंगीत जाकिटं) कोण आणणार हे बोलून घ्या, लाजायचं नाही.